अंगात किती जातंय, म्याडम?

आण्णा,

तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले आणि या सतरा दिवसांत मी तुमच्या सीटी स्कॅनच्या खोलीकडं चार वेळा धावत गेले. रडायला नाही, सांगायला. काहीतरी घडतं, माझ्या पायांना ते आधी कळतं, जिना उतरून मी तळमजल्यावर पोचते, दाराला हात लावते आणि मग आठवतं. आत शबाना असते, तुम्ही हाताखाली घेऊन तयार केलेली टेक्निशियन. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. "सांगा म्याडम, मी ऐकते," म्हणते. मी सांगते. ती नीट ऐकते. पण ती भांडत नाही हो. "न्हाय म्याडम, तसं न्हाय ते," म्हणून खुर्ची ओढून बसणारं आता तिथं कुणी नाही. म्हणून लिहायला घेतलंय. बातम्या फार साचल्यात.

आधी एक निस्तरते. लोक मला विचारतात, आयुष्यभर किरणांत काम केलं, त्यानंच गेले असतील का? पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तुमचं उत्तर मला जसंच्या तसं ऐकू आलं. "न्हाय ओ. जल्मभर भिताडामागं उभा ऱ्हायलोय मी. ह्यो छातीवरचा किरणं मोजायचा बिल्ला दर तीन म्हैन्याला तपासून येतोय, बगा की." मी तेच सांगते. तुमचं हृदय गेलं, जसं तुमच्या वडलांचं गेलं होतं. पहिला झटका आला तेव्हा तुमची अँजिओग्राफी ज्यानं केली तो डॉक्टर मला परवा भेटला. म्हणाला, "तुमचे आण्णा टेबलावर झोपलेले, घामानं डबडबलेले, आणि मला विचारतात, सायब, किरणं चालू करून किती मिनिटं झाली? इतक्या वर्षांत पेशंटनं पहिल्यांदा विचारलं. आणि मला पडद्याकडं मान वळवून, बघून सांगावं लागलं." मी त्या कॉरिडॉरमध्ये इतकी हसले की नर्स बाहेर आली.

आपली ओळखच भांडणानं झाली. मी पुण्याचं शिक्षण संपवून कोल्हापुरात या हॉस्पिटलात फिजिशियन म्हणून रुजू झाले त्याला दोन महिने झाले होते. माहेर गडहिंग्लजचं, त्यामुळं इथली भाषा कानाला ओळखीची, पण तोंडात पुणं बसलेलं. कामाचा झपाटा असा की एक पेशंट बाहेर जायच्या आत दुसरा आत. त्या दिवशी शाहूवाडीकडची एक मुलगी आली होती. एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं, कमरेच्या बाजूला कळ येऊन वाकलेली. तिला मुतखडा आहे हे आधीच माहीत होतं. मी कागदावर पोटाचं सीटी लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडं वळले. दहा मिनिटांत तुमचा फोन आला.

"म्याडम, ह्या पोरीच्या हातातल्या पिशवीत दोन सीटी हायत. दोन म्हैन्यांत दोन. आता तिसरं कशाला?"

मी म्हणाले, "आण्णा, तिला दुखतंय. खडा कुठं सरकलाय ते बघायचंय. तुम्ही काढा."

"काढतो की. तुमी सांगितल्यावर न्हाय कसं म्हणीन? एकच सांगा. अंगात किती जातंय, म्याडम?"

"काय किती जातंय?"

"किरणं ओ. एका सीटीला."

समोर पेशंट बसला होता. मी घाईत म्हणाले, "असेल दोन-चार एक्स-रे इतकं."

 तुम्ही नुसतं "व्हय?" म्हणालात. त्या एका शब्दात जेवढं नवल होतं तेवढं मी नंतर कधी ऐकलं नाही. मी एमडी. कुठल्या आजाराला कुठलं स्कॅन, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण एका स्कॅनला किती, हे मला कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं, कुणा सरांनी राऊंडवर विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, "आनी एक. पाळी चुकलीया तिची. धा-बारा दिस. मी शबानाला इचारायला लावलं."

मी उठून खाली आले. लघवीची तपासणी केली. दोन रेघा आल्या. ती मुलगी त्या रेघांकडं बघत होती आणि कळ विसरून एकदम हसली. मी हसले नाही. आपण सोनोग्राफी केली, खडा खाली उतरलेला दिसला, दोन दिवसांत तो पडलाही. एका सीटीनं त्या गर्भाचं काही बिघडलंच असतं असं नाही, हे मला आज ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला हेही ठाऊक नव्हतं, आण्णा. बिघडलं असतं की नसतं, किती, कशानं, काहीच नाही. मी तुमच्यासमोर उभी होते आणि तुम्ही तिसऱ्या सीटीचा तो कागद शांतपणे चार घड्या घालून कचऱ्याच्या डब्यात टाकलात.

"तुम्हांला कसं माहीत हे सगळं?" मी विचारलं.

"मशीन बसवायला इंजिनियर आलता. लांबचं पोरगं, हाटेलचं खाऊन कटाळलेलं. घरी न्हेलतो जेवायला. दोन दिस त्याला इचारत बसलो. हिनं थालपीठं लावली, त्यानं सांगितलं."

घरी जाऊन मी वाचायला बसले आणि वाचतच राहिले. मला आठवतंय, भीती वाटायच्या आधी मला भयंकर मजा वाटली होती. एवढी मोठी गोष्ट नाकासमोर होती आणि दिसली नव्हती. मशीन कुठलं, माणूस केवढा, त्यावर आकडा हलतो. पण छातीचा साधा एक्स-रे एक धरला तर पोटाचं सीटी शेकड्यांत जातं. सोनोग्राफीला आणि एमआरआयला असली किरणं लागतच नाहीत. लहान मुलांसाठी मशीनची मात्रा कमी करता येते, करायलाच हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत खाली आले आणि तुम्हांला हे सगळं असं सांगायला लागले जणू तुम्हांला माहीतच नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मध्ये एकदाही "ठाऊक हाय" म्हणाला नाहीत. शेवटी म्हणालात, "बसा अक्का." त्या दिवसापासून मी म्याडमची अक्का झाले, आणि पुन्हा म्याडम म्हणालात ते फक्त भांडणात.

प्रश्नपत्रिकेची कल्पना कुणाची होती यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणते तुमची. तुम्ही म्हणायचात, "मी नुसतं म्हणलो, समद्यास्नी इचारून बगा. कागुद तुमीच काढलासा." दिवस मावळायच्या आत जेवायचा तुमचा नेम. त्या साडेपाचच्या डब्याच्या वेळी बसून आपण दहा प्रश्न लिहिले. मी अवघड लिहायचे, तुम्ही सोपे करायचात. "एवढं नगं. छातीचा फोटू एक धरला तर पोटाच्या सीटीला किती, एवढंच इचारा. एक, धा, पन्नास, का शेकडा. टिक करू द्या." मग तुम्हांला चेव आला. "सोनोग्राफीत किती, ह्ये बी टाका." मी म्हणाले, "आण्णा, ते कोण चुकेल?" तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघितलंत. "टाका तर."

महिन्याच्या बैठकीत मी कागद वाटले. आपल्या हॉस्पिटलचे सगळे डॉक्टर होते. सर्जन इंगवले मोठ्यानं म्हणाले, "च्यायला, दहावीला बसवताय काय आम्हांला?" हशा झाला. कुणी शेजारच्याच्या कागदात बघत होतं. तुम्ही दाराशी उभे होतात, हात मागं बांधून, परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखे. कागद गोळा करून मी तिथंच वाचायला लागले आणि माझा आवाज चढत गेला. पोटाच्या सीटीला बहुतेकांनी दहा लिहिलं होतं. काहींनी एक. सोनोग्राफीत किरणं असतात असं लिहिणारे तिघं निघाले, आणि एमआरआयमध्ये सीटीपेक्षा जास्त असतात असं एकानं ठासून लिहिलं होतं. मुलांची डॉक्टर, नुकती लागलेली, तिचे तेवढे सगळे बरोबर. हशा केव्हाच थांबला होता. मी म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी माझं उत्तर दोन-चार होतं. आण्णांना विचारा."

इंगवले उठले. "म्हणजे आता ऑपरेशन करायचं सोडून किरणं मोजत बसायची?" म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुमच्या खोलीत बसले होते. मी दारातून बघितलं. एवढा दांडगा माणूस, स्टुलावर, गुडघे वर आलेले. तुम्ही पडद्यावर बोट ठेवून दाखवत होतात. "सायब, परत्येक सीटी झालं की ह्यो आकडा हितं येतोय. रोज येतोय. मशीन आल्यापास्नं येतोय."

"मग आम्हांला कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं न्हाय."

इंगवले स्टूल पुढं ओढून त्या आकड्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "माझा पुतण्या आहे. पडला होता अंगणात. काही झालं नव्हतं, तरी मी डोक्याचं सीटी करून घेतलं, वहिनी रडतेय म्हणून." तुम्ही म्हणालात, "झालं ते झालं. एकानं काय हुईत न्हाय सहसा. फुडं बगून करायचं." आणि त्यांच्यासाठी चहा मागवलात. आण्णा, त्या सकाळी मला इतकं उंच उंच वाटत होतं. महिन्याभरात रिपोर्टाच्या तळाशी किरणांचा डोस छापून यायला लागला. पेशंटच्या जुन्या फिल्म बघितल्याशिवाय सीटी लिहायचं नाही, असं ठरलं. इंगवले फोनवर दुसऱ्यांना ओरडताना मी ऐकलं, "आधी सोनोग्राफी कर, मर्दा."

आणि मग तानाजी आला.

हे लिहायचं मी सकाळपासून टाळतेय. कागलकडचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला. त्या दुपारी कॅज्युअल्टीत मीच होते. डोक्याला टेंगूळ, एकदा उलटी झालेली, बोलत होता व्यवस्थित. मी डोक्याचं सीटी लिहिलं, कारण तिथं ते लागतंच. त्याला तुमच्याकडं पाठवलं आणि दुसऱ्या पेशंटमागं गेले. तासाभरानं कळलं, तो सीटी न करताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उचलून आणला. डोळे उघडत नव्हता. डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, वाचला, पण डावा हात पूर्वीचा राहिला नाही.

बाहेरच्या बाकावरच्या बायका सांगत होत्या, त्याला कुणीतरी किरणांचं सांगितलं म्हणून तो घाबरून पळाला. कुणी सांगितलं असणार? रांगेतल्या माणसांशी किरणांचं बोलणारे अख्ख्या हॉस्पिटलात तुम्हीच. मी तुम्हांला काहीही विचारलं नाही. सरळ येऊन, शबानासमोर, दोन पेशंटसमोर म्हणाले, "आण्णा, तुम्हांला इथं मशीन चालवायला ठेवलंय. माणसं घाबरवायला नाही. तुम्ही डॉक्टर नाही."

तुम्ही "बरं म्याडम" म्हणालात. बस्स.

त्यानंतर तुम्ही रांगेतल्या कुणाशी एक अक्षर जादा बोलला नाहीत. तीन आठवडे तुमचा डबा तुम्ही एकट्यानं खाल्लात. मग एक दिवस शबानाबरोबर एक कागद पाठवलात. त्यावर बाहेर लावायच्या बोर्डाचा मजकूर होता, तुमच्या तिरक्या अक्षरात. डॉक्टरांना विचारा: हे कशासाठी? आधी झालेलं चालेल का? दुसऱ्या तपासणीनं भागेल का? आणि खाली, कुठल्या तपासणीला किती, त्याची यादी. मी खाली आले आणि आपण पुन्हा भांडायला लागलो. देवाशप्पथ, मला इतकं बरं वाटलं. मी म्हणाले, यादी नको, लोक घाबरतील, सगळ्यात वर लिहूया की गरज असेल तर न घाबरता करून घ्या. तुम्ही म्हणालात, "न्हाय अक्का. आकडा दावलाच पायजे. लोकं काय बारकी पोरं हायत? जे ठाऊक नसतंय त्येचीच भीती वाटतीया. सांगितलं की ऱ्हात न्हाय." मी म्हणाले, "तानाजीला काय झालं विसरलात?" तुम्ही खाली बघितलंत. म्हणालात, "इसरलो न्हाय."

महिने गेले, बोर्ड काही लागला नाही. ओळ वर की यादी वर, एवढ्यावर अडलेला. आणि त्या "डॉक्टर नाही" बद्दल मी तुम्हांला कधी काही बोलले नाही. रोज खाली येत होते, चहा पीत होते, बोर्डावर भांडत होते. आज बोलू, उद्या बोलू. मला वाटायचं, तुम्हांला कळलंच असेल. कळलं असेलही. पण मी म्हणाले नाही, हे खरं आहे.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तानाजी तपासणीला आला. दारात तुमचा हार घातलेला फोटो बघून थबकला, उजवा हात त्यानं कपाळाला लावला. म्हणाला, "ह्यो मानूस माज्या मागं गेटपत्तूर पळत आलता, म्याडम."

मी म्हणाले, "कशाला?"

"थांबवायला की. भाईर बाकावर एक बाय म्हणाली, सीटीनं मानूस खलास हुतोय. मी उठलो. ह्येंनी हात धरला. म्हणाले, ती चुकीचं सांगतीया, डोस्क्याचा मार हाय, ह्यो करायलाच पायजे, म्याडमनी बरोबर लिवलंय. मीच ऐकलो न्हाय. फटफटीवर बसून गेलो."

आण्णा. म्याडमनी बरोबर लिवलंय, असं तुम्ही त्याला सांगत होतात. आणि मी तुम्हांला दोन माणसांसमोर काय बोलले. एक वाक्य पुरलं असतं तुम्हांला. "मी न्हाय, बाई म्हणाली" एवढं. तुम्ही "बरं म्याडम" म्हणालात.

मी तुमच्या गावी आले. नदीकाठचं तुमचं घर, अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मागं ऊस. काकूंच्या पायाशी बसून मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक हाय ते. मी म्हणलोतो, मग तुमी सांगितलं का न्हाईसा? तर म्हणाले, बाकावरच्या बाईला किरणांचं कुणी सांगितलं व्हतं? मीच की. मी अर्धं सांगितलं, लोकांनी फुडचं जोडलं. अक्काचा राग जाग्यावर हाय." मग काकू डोळे पुसून हसल्या. "घरात बी तुमच्याशीच भांडण चालायचं त्येंचं. तुमी नसताना तुमची बाजू बी तेच मांडायचे. पोरगा त्येंच्या बाजूनं बोलला की म्हणायचे, न्हाय, अक्काचं बी खरं हाय."

मला वाटत होतं मी एकटीच घरी जाऊन तुमच्याशी भांडत असते.

तर ऐका. मला माफ करा, आण्णा. मी चुकले. हे मी तुमच्या अंगणातही मोठ्यानं म्हणाले, तुमच्या भावकीसमोर, कारण पेशंटसमोर बोललेलं एकांतात परत घेणं बरोबर नाही. तुमचा थोरला म्हणाला, "असूंदे म्याडम." मी म्हणाले, "असू दे कशाला? ऐकून घ्या."

आता बातम्या. बोर्ड लागला. गेल्या सोमवारी, तुमच्या दाराशेजारी, भिंतीच्या मधोमध. यादी वर आहे. तुम्ही जिंकलात असं समजू नका; माझी ओळ खाली आहे पण मोठ्या अक्षरात आहे. आणि गंमत बघा, लोक उभं राहून वाचतात आणि पळत नाहीत. एक जण ओपीडीत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "हे कशासाठी, ते सांगा." मी सांगितलं. त्याला पटलं, त्यानं करून घेतलं. इंगवल्यांनी ठरवलंय की नवीन येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं पहिला दिवस शबानाशेजारी बसून काढायचा. परवा दोघं बसले होते. शबाना त्यांना असं दरडावत होती की मी दारातूनच परत फिरले. तिला भांडता येत नाही म्हणाले ना वर? खोडते. तिला फक्त माझ्याशी भांडता येत नाही, अजून.

आणि कालची बातमी सगळ्यात मोठी. काल मी गडहिंग्लजला होते. तालुक्यातल्या डॉक्टरांची सभा होती, त्यांनी आपली प्रश्नपत्रिका मागवली होती. छोट्या दवाखान्यांचे डॉक्टर, चाळीसेक असतील. काहींनी मला लहानपणी इंजेक्शनं दिलेली. त्यांनी मुकाट्यानं कागद सोडवले. मी उत्तरं सांगितली. अगदी आपल्या बैठकीसारखंच, कुजबुज, मग प्रश्नांवर प्रश्न. मी उड्या मारत उत्तरं देत होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून दातांचे एक डॉक्टर, पोतदार म्हणून, उभे राहिले. "आमच्याकडं ते डोक्याभोवती फिरणारं मशीन असतंय, सगळ्या दातांचा एकदम फोटो काढणारं. त्याला किती?"

मला माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "मला नक्की माहीत नाही."  मग म्हणाले, "कमी असतं एवढं सांगू शकते. पण किती, ते तुमच्या मशीनवर येत असेल. बघून सांगावं लागेल."

पोतदार म्हणाले, "मग बघूया की. समोरच हाय दवाखाना."

आणि आण्णा, चहाचे कप तसेच ठेवून चाळीस डॉक्टर उठले. रस्ता ओलांडला. एसटीवाल्यानं गाडी थांबवून आम्हांला वाट दिली. कुठं मोर्चा निघालाय असं त्याला वाटलं असणार. दवाखान्याबाहेर पायताणांचा ढीग झाला. आत पाय ठेवायला जागा नव्हती, मागचे टाचा उंच करून बघत होते. मशीनशेजारच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या, कवळी बसवायला आलेल्या, आधी फोटो काढायचा म्हणून डॉक्टरची वाट बघत. त्या घाबरून उठल्याच. "एवढी डागदरं? मला काय झालंय?"

"तुम्हांला काय नाही, आज्जी. बसा," पोतदार म्हणाले आणि पडदा चालू केला. सकाळच्या दुसऱ्या पेशंटच्या फोटोचा आकडा कोपऱ्यात होता. बारीक अक्षरात. ते वाकले, चष्मा वर केला, वाचला. म्हणाले, "आठ वर्षं झाली हे मशीन घेऊन. हे इथं असतंय?" कुणीतरी मोबाइलवर हिशोब केला, मी तपासला. आकडा छोटाच निघाला. सगळ्यांना हायसं वाटलं, दोघांतिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मागून एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "कमी हाय ते झालं. पण ह्या बाईंचा काढायचाय कशाला?"

पोतदारांनी आजींकडं बघितलं. "आज्जी, याआधी काढलाय काय कुठं फोटो?"

आजींनी पिशवीत हात घालून पाकीट काढलं. "गेल्या म्हैन्यातच काढलाय की, बेळगावात."

पोतदारांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. चाळीस माना तिकडं वळल्या. त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली, पाकिटात घातली आणि परत दिली. "नको. ह्यावरच होतंय काम. तुमचा फोटो काढायचा नाही आज."

"मग मघाशी काढायचा म्हणालास. ह्ये आदी का सांगितलं न्हाईस?"

 एवढी सगळी माणसं ऐकत होती. पोतदारांनी खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"मी आधी विचारलंच नव्हतं, आज्जी."

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पाकीट पिशवीत ठेवलं, पदर खोचला आणि आम्हां चाळीस जणांमधून वाट काढत दाराकडं निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "आता इचारलंस न्हवं. मग झालं."